मी तेल मागत नव्हतो

मित्रांनो, तुमच्या घरात एक पत्र्याचा डबा असेलच. बटणं, कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या, कशाचे तरी उरलेले स्क्रू, असलं सगळं ज्यात पडलेलं असतं तो. तशाच एका बिस्किटांच्या डब्यात मी राहतो. मी एक जुना डिस्क ब्रेक आहे. जुना म्हणजे गंजलेला, खिळखिळा वगैरे समजू नका हं! माझी स्प्रिंग अजून टणटणीत आहे. कोणी तार जोडली तर आत्ताच्या आत्ता चकती धरून दाखवीन. पण तार जोडणारं कोणी नाही, आणि धरायला चकतीही नाही. धरून ठेवणं हेच ज्याचं काम, त्याचे हात असे रिकामे राहिले की दिवस फार मोठा होतो हो.

माझा जन्म कारखान्यातला. वितळलेलं ॲल्युमिनियम साच्यात ओतलं, ते थिजलं, त्याला भोकं पाडली, आटे पाडले आणि पोटात दोन छोटे पॅड बसवले. हे पॅड म्हणजे माझे तळहात. सायकलच्या चाकाबरोबर एक पोलादी चकती गरगर फिरत असते. हँडलवरची दांडी दाबली की तार खेचली जाते, माझे तळहात चकतीला दोन्ही बाजूंनी दाबतात आणि चाक थांबतं. संपलं! एवढीच माझी विद्या. तपासणीच्या टेबलावरच्या बाईंनी मला उलटंसुलटं केलं, माझा दांडा दोनदा ओढला आणि म्हणाल्या, "चल, नीघ." तेच माझं प्रमाणपत्र. माझ्याच साच्यातला माझा जुळा भाऊ मागच्या चाकासाठी माझ्या शेजारी बसवला आणि आम्हा दोघांना एका खोक्यात घातलं.

तिथून आम्ही सायकलवाल्या मावशींच्या दुकानात आलो. या मावशी कोणाच्याच सख्ख्या मावशी नव्हत्या, पण सगळं गाव त्यांना मावशी म्हणे. हाताला ग्रीस, कानावर पेन्सिल आणि जिभेवर धार! दुकानात एक काचेचं कपाट होतं. त्यात हायड्रॉलिक ब्रेक विराजमान होते. त्यांना तार नसते, नळीतल्या तेलाच्या दाबावर ते चालतात. त्यांच्यावर दिवा सोडलेला असायचा. आम्ही मात्र खिळ्याला टांगलेले. वर्गात पहिल्या बाकावरच्या मुलांकडे शेवटचा बाक जसा बघतो ना, तसा मी त्या कपाटाकडे बघायचो.

एके दिवशी दुकानात भिंगरी आली. तिचं खरं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही, कारण आजोबांनी दिलेलं हेच नाव सगळीकडे चाले. नववीतली मुलगी, एका जागी उभी राहील तर शपथ. मावसभावाकडून तिला त्याची डोंगरात चालवायची सायकल मिळाली होती. सायकल दणकट होती, पण तिचे रबरी ब्रेक पार झिजलेले. बरोबर तिचे ते आजोबा, आबा, होते. आबा शिलाई मशीनचे मेकॅनिक. घराच्या पुढच्या खोलीत चाळीस वर्षं त्यांनी मशिनी दुरुस्त केल्या होत्या. त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून एक तेलाची कुपी नेहमी चोच बाहेर काढून बघत असे, चिमणीच्या पिल्लासारखी.

"मावशी, मला तो," भिंगरीनं थेट काचेच्या कपाटाकडे बोट केलं.

"का गं? चमकतो म्हणून?"

"नाही हो! सगळे म्हणतात तोच भारी."

"सगळे तुझी सायकल चालवणार आहेत का? मला सांग, जातेस कुठे?"

"टाकीच्या टेकडीवर. शाळेची टेकडी-फेरी असते ना, पुढच्या वर्षी मला त्यात उतरायचंय."

"मग ऐक. तो ब्रेक छान आहे, नाही कशाला म्हणू? पण त्याच्या नळीत हवा शिरली की ती काढायला तुला दर वेळी माझ्या दारात यावं लागेल. हा बघ तारेचा." मावशींनी मला खिळ्यावरून काढलं. मित्रांनो, माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू! "तार सैल झाली तर घरी तू स्वतः आवळशील. वाटेत बिघडला तरी एका पान्यात काम."

"पण त्याच्याहून स्वस्त तो लाल आहे की," भिंगरी म्हणाली.

मावशींनी त्या लाल ब्रेकचा दांडा तिच्या हातात दिला. "हलव. डुगडुगतोय ना? आता याचा हलव. बघ, घट्ट आहे. आणि ब्रेक घेताना नुसता ब्रेक बघू नये, बाई. त्याचे पॅड सहज मिळतात का ते आधी विचारावं. त्या लालचे पॅड सहा महिन्यांनी जगात कुठे मिळायचे नाहीत. मग काय, चपला लावून थांबणारेस?"

भिंगरी खो खो हसली. माझी निवड झाली.

आता जे झालं ते नीट लक्षात ठेवा. मावशी मला सायकलला बसवत होत्या, तेवढ्यात दुकानाचं शटर वाऱ्यानं कुरकुरलं. आबांचे कान टवकारले. "कुरकुरलं की समजावं, लोखंडाला तहान लागली," असं म्हणत ते कुपी काढून बाहेर गेले. परक्याच्या शटरला तेल! आत मावशी भिंगरीला सांगत होत्या, "एक लक्षात ठेव. पहिल्या दिवशी वीस-पंचवीस वेळा हळूहळू दाबून थांब, म्हणजे पॅड आणि चकतीचं जमेल. चकतीला बोट लावायचं नाही. आणि काही झालं, कितीही किरकिरला, तरी याला तेलाचा थेंबसुद्धा दाखवायचा नाही. पॅड तेल पितात, मग धरत नाहीत." मग बाहेर नजर टाकून त्या म्हणाल्या, "आबांना सांग गं. शटरला चालेल, याला नाही."

"सांगते," भिंगरी हसत म्हणाली.

सांगायचं राहून गेलं. घरी जाताना ती इतक्या आनंदात होती, की पहिल्या वळणावरच तिनं मला करकचून दाबलं, मी चाक झपकन थांबवलं आणि आबा टाळ्या वाजवायला लागले. अशा वेळी कोणाला सूचना आठवतात?

त्यानंतरचं वर्ष माझ्या आयुष्यातलं सोन्याचं. टाकीच्या टेकडीचा उतार म्हणजे काय चीज आहे हे मला विचारा. सुटे खडे, मध्येच झाडाची मुळं, आणि शेवटी एकदम काटकोनात वळण. भिंगरी वाऱ्यासारखी यायची आणि त्या वळणाच्या आधी दोन बोटांनी मला हलकेच दाबायची. आरडाओरडा नाही की घसरणं नाही. आमचं बोलणं त्या दोन बोटांत व्हायचं. काचेच्या कपाटातल्या ब्रेकवाला तिचा वर्गमित्र एकदा नळीत हवा शिरली म्हणून सायकल हातात धरून उतरला. तेव्हा ती सगळ्यांसमोर म्हणाली, "माझा बघ! साधा आहे, पण शब्दाला पक्का." मित्रांनो, असं एक वाक्य माणूस आयुष्यभर पुरवून वापरतो. मी अजून वापरतोय.

दर रविवारी ती स्वच्छ फडक्यानं चकती पुसायची. पॅड झिजले की बाजूची चकरी फिरवून त्यांना पुढे सरकवायची. आबा शेजारी मशीन उघडून बसलेले असायचे. दोघं आपापलं काम करायची आणि मधूनमधून भांडायची.

"भिंगरे, तुझ्या सायकलला निदान घंटीला तरी तेल घालू दे."

"आबा, तुम्ही एक दिवस मलाही तेल घालाल!"

"घालतोच. फार कुरकुरतेस."

बघा, तेव्हासुद्धा एक वाक्य पुरलं असतं. घंटीला घाला, ब्रेकला नको. पण तिच्या तोंडून विनोदच बाहेर पडला.

मग दहावी आली. क्लास, वह्या, सराव परीक्षा. सायकल जिन्याखाली उभी राहू लागली. फडकं वाळत पडलं. रोज फक्त शाळेत जायचं आणि यायचं, तेही खड्ड्यांतून धाडधाड. त्या हादऱ्यांनी मला सायकलच्या चिमट्याला धरून ठेवणारा एक बोल्ट सैल झाला. फार नाही, अर्धा फेरा. पण तेवढ्यानं मी थरथरू लागलो, आणि दाबलं की माझ्या तोंडून "कीऽऽऽ" असा आवाज निघू लागला. मी ओरडत होतो, मित्रांनो. माझ्या भाषेत सांगत होतो की माझा बोल्ट सैल झालाय, एकदा पाना लावा. माझी भाषा कोणाला येत नव्हती, त्याला मी तरी काय करू?

वरच्या मजल्यावरच्या काकू खिडकीतून म्हणाल्या, "तुमचा कोंबडा सकाळी बरोबर साडेसहाला आरवतो हो! आम्ही गजर लावणं सोडलंय."

भिंगरीला फार लागलं ते. "रविवारी नेते मावशींकडे," ती म्हणाली. असे चार रविवार गेले. आणि टेकडी-फेरी उद्यावर आली. वर्षभर जिची वाट बघितली ती फेरी! शनिवारी दुपारी ती शाळेतून आली, गेटपाशी मी नेहमीसारखा किंचाळलो, रस्त्यावरची मुलं हसली. तिनं सायकल भिंतीला टेकवली, नव्हे आपटली.

"आबा, त्या ब्रेकचं काहीतरी करा हो! लाज आणतो नुसती."

एवढं बोलून ती क्लासला पळाली.

आबांना किती आनंद झाला म्हणून सांगू! नातीनं काम सांगितलं होतं. त्यांनी चष्मा पुसला, माझ्यासमोर पाट घेऊन बसले आणि खिशातून कुपी काढली. "काय रे लेका, तहान लागली होय? अरे, मग सांगायचं नाही का?" मी सांगतच होतो की! चाकाच्या अक्षापाशी, पॅडच्या फटीत, जिथून आवाज येतो तिथे अगदी नेमके, मोजून सात थेंब. मग मागच्या भावाला सात. एक थेंब बाहेर सांडला नाही. चाळीस वर्षांचा हात होता तो. मला आयुष्यात इतक्या मायेनं कोणी हात लावला नव्हता आणि इतकं वाटोळंही कोणी केलं नव्हतं. ते थेंब माझ्या तळहातांनी पिऊन टाकले. आबांनी चाक फिरवून दांडी दाबली. आवाज बंद! समाधानानं त्यांनी कुपी परत खिशात ठेवली.

संध्याकाळी भिंगरीनं सायकल अंगणात दोन पावलं ढकलली, मला दाबून पाहिलं. आवाज नाही. "वा आबा! गप्प केलंत की त्याला! काय जादू आहे तुमच्या हातात!" तिनं आबांना मिठी मारली. काय केलंत, हे मात्र तिनं विचारलं नाही.

रविवारी सकाळी ती निघाली. घरापासून गल्लीचा उतार खाली मोठ्या रस्त्यापर्यंत जातो. तिला निघताना बघायला मिळावं म्हणून आबा आधीच चालत खाली वळणावर जाऊन उभे होते. तिच्यासाठी भरलेली पाण्याची बाटली त्यांनी बरोबर नेली होती. भिंगरी सुसाट आली. आबांनी हात वर करून बाटली दाखवली आणि दोन पावलं पुढे आले. तिनं मला दाबलं.

मी दाबलं, मित्रांनो. माझ्या स्प्रिंगची शपथ, जीव तोडून दाबलं. पण ओल्या साबणावरून हात निसटावा तसे माझे तळहात चकतीवरून निसटत राहिले. मागचा भाऊही तसाच. भिंगरीनं पुन्हा दाबलं. आबा तिथेच उभे, हसत. त्यांना वाटलं, आता थांबेल. त्यांचा तिच्यावर विश्वास होता, माझ्यावर विश्वास होता आणि स्वतःच्या हातावर तर होताच. अगदी शेवटच्या क्षणी तिनं हँडल वळवलं आणि बांधकामाच्या विटांच्या ढिगावर सायकल घातली. आबांच्या सदऱ्याला फक्त वारा लागला.

तिचं मनगट मोडलं. टेकडी-फेरी तिच्याशिवाय झाली. प्लास्टर घालताना डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा ती रडत रडत म्हणाली, "ब्रेकच लागला नाही. स्वस्तातला घेतला ना!" आबा बाकावर बसून पुन्हापुन्हा म्हणत होते, "पण मी तर कालच नीट केला होता."

दोन दिवसांनी दोघं सायकल ढकलत मावशींकडे आली. भिंगरीनं तोंडाचा पट्टा सोडला. "मावशी, काय माल दिलात हो! मरता मरता वाचले मी!"

मावशींनी माझे पॅड काढले, नाकाशी नेले. मग पाना लावून माझा बोल्ट फिरवला. अर्धा फेरा, आणि तो घट्ट बसला.

"किरकिर या बोल्टाची होती," त्या म्हणाल्या. "आणि हे पॅडवर मशीनचं तेल आहे."

आबांचा हात नकळत खिशाकडे गेला. "मीच घातलं," ते म्हणाले. "किरकिरत होता म्हणून. याला तेल चालत नाही का?"

"नाही चालत, आबा."

"मला कळायला हवं होतं. चाळीस वर्षं यंत्रात हात घालतोय मी."

मावशींनी भिंगरीकडे बघितलं. नुसतं बघितलं. मी त्यांच्या हातातच होतो, त्यामुळे मला ठाऊक आहे, त्या किती वेळ थांबल्या. भिंगरीनं तोंड उघडलं. आणि मिटलं. आपल्या पांढऱ्या प्लास्टरवरच्या मैत्रिणींच्या सह्या वाचत बसली. माझ्या सगळ्या आयुष्यात मी घसरलो त्यापेक्षा ती घसरण मोठी होती, आणि तिथे ब्रेक लावायला मी नव्हतो.

"नवे पॅड टाकले, चकती स्पिरिटनं पुसली, की झाला पहिल्यासारखा," मावशी शेवटी म्हणाल्या. "ब्रेक चांगला आहे."

"नको. दुसरा बसवा," भिंगरी म्हणाली. तिनं सायकलच मावसभावाला परत द्यायचं ठरवलं होतं, त्याच्यासाठी दुसरी जोडी लागली. माझा भाऊ भंगारात गेला. मला आबांनी कागदात गुंडाळून घरी आणलं. भिंगरीला माझा राग आला होता असं मला तेव्हा वाटलं. तसं नव्हतं. मी दिसलो की तिला स्वतःचा राग येत होता.

त्या दिवसापासून आबांनी कुपी डब्यात टाकली, माझ्या शेजारी. पुढच्या खोलीबाहेरची पाटी उतरवली. मित्रांनो, मग घर हळूहळू कुरकुरायला लागलं. आधी दाराची बिजागरी. मग खिडकी, मग पंखा. भिंगरीची आई म्हणाली, "आबा, दाराला तेल घालता का जरा?" आबा म्हणाले, "कोणाला तरी बोलव." घरातलं कोणीही येता-जाता ते दार कण्हायचं, आणि खोलीत बसलेली भिंगरी दर वेळी दचकायची.

प्लास्टर निघालं, परीक्षा झाली. एका दुपारी आबांच्या जुन्या गिऱ्हाईक असलेल्या शिंपीणबाई मशीन घेऊन दारात आल्या. आबांनी मशीनला हातसुद्धा लावला नाही. "दुसरीकडे न्या, बाई. माझा हात आता भरवशाचा राहिला नाही. नातीला पाडलं मी."

आतल्या खोलीत भिंगरीनं ते ऐकलं. शिंपीणबाई जिना उतरून जाईपर्यंत ती उभीच होती. मग बाहेर येऊन एका दमात म्हणाली, "आबा, मावशींनी सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी. ब्रेकला तेल घालायचं नाही, आबांना सांग, म्हणाल्या होत्या. तुम्ही शटरपाशी होतात. मी सांगितलं नाही. आणि दुकानात पण गप्प बसले."

आबांनी तिच्या मनगटाकडे बघितलं.

"एवढे महिने मला वाटत होतं," ते म्हणाले, "माझा हातच बिघडला."

त्यांनी एवढंच म्हटलं. रागावले असते तर बरं झालं असतं. भिंगरी ढसाढसा रडली. मग तिनं डबा उघडला आणि कुपी काढली. तेल चोचीत घट्ट होऊन बसलं होतं, ते तिनं सुईनं मोकळं केलं.

"दाराला किती घालू?"

"दोन पुरे," आबा म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "हात थरथरवू नकोस."

दार गप्प झालं. पाटी मात्र परत चढली नाही. शिंपीणबाई दुसरीकडे गेल्या त्या गेल्याच. बाकीचीही गिऱ्हाइकं पांगली होती. काही गोष्टी अर्ध्या फेऱ्यात दुरुस्त होतात, पण त्या अर्ध्या फेऱ्याची एक वेळ असते. ती टळली की पानाच लागत नाही.

मित्रांनो, मी साधा तारेचा ब्रेक, तुम्हाला शिकवणारा मी कोण? पण एक मागणं मागतो. कोणी किरकिरत असेल, मग ती सायकल असो, दार असो की घरातलं माणूस, तर त्याला गप्प करायची घाई करू नका. आधी कुठे सैल झालंय ते बघा. आणि तुम्हाला माहीत असलेली गोष्ट, कुपी ज्याच्या हातात आहे त्याला सांगा. हसता हसता सांगा, भांडून सांगा, पण त्याच दिवशी सांगा.

मी अजून डब्यातच आहे. शेजारी कुपी आहे, आणि तिचा थेंबही मला लागू नये म्हणून भिंगरीनं मला चार पदरी कागदात गुंडाळलंय. डब्याचं झाकण उघडताना फार किरकिरतं. परवा ती त्याला तेल घालायला निघाली होती. आबा म्हणाले, "राहू दे गं. तू डबा उघडलास की मला कळतं."